नाकाची सर्जरी ठरली? मशेरी महिनाभर आधी सोडा

चेहऱ्याची प्लास्टिक सर्जरी म्हटली की आपण सर्जन कोण, खर्च किती, व्रण दिसेल का, एवढंच विचारतो. म्हापशाची कॉलेजात जाणारी मुलगी नाक नीट करून घ्यायला जाते, फोंड्याचा दुचाकीवरून पडलेला मुलगा गालावरचा जुना व्रण सुधारून घ्यायला जातो. दोघांच्याही बाबतीत बरंच काही आधीच्या महिन्यात ठरून गेलेलं असतं. कापलेली कातडी जगते ती रक्तावर, आणि ते रक्त तिथवर नीट पोचावं यासाठी रुग्णाला स्वतःला पुष्कळ करता येतं.

ही रक्ताची किमया मराठी मुलखाला फार आधीपासून ठाऊक होती. १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात कावसजी नावाच्या गाडीवानाची हकीकत छापून आली. इंग्रजी फौजेसाठी बैल हाकणारा हा माणूस टिपूच्या सैनिकांच्या हाती सापडला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुढे पुण्याजवळ एका देशी जाणकाराने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक करून दिलं. त्यातली खरी हुशारी अशी, की ती कातडी कपाळापासून पूर्ण तोडली नाही. दोन भुवयांच्या मध्ये एक अरुंद पट्टी जोडलेली ठेवली. नव्या जागी रक्तवाहिन्या रुजेपर्यंत नाक त्या पट्टीतून येणाऱ्या रक्तावर जगलं, आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास पट्टी कापली. आजही कपाळाची कातडी वापरून नाक घडवताना साधारण तीन आठवडे हेच केलं जातं.

आता त्या पट्टीतल्या बारीक रक्तवाहिन्या आखडल्या तर? निकोटिन नेमकं तेच करतं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली ऑक्सिजनची जागाही बळकावतो. चेहरा ओढून घेण्याच्या शस्त्रक्रियेत (फेसलिफ्ट) गालाची कातडी खालच्या थरापासून सोडवतात. कानामागची तिची कड रक्तापासून सगळ्यात लांब पडते, आणि सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये ती काळी पडून मरण्याचा धोका कितीतरी जास्त असतो. म्हणून निदान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर तंबाखू पूर्ण बंद. यात मशेरीही आली. सकाळी दातांना मशेरी लावणाऱ्या कितीतरी बायका ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला मनापासून ‘नाही’ म्हणतात. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी मशेरीचं आपण होऊन सांगा.

औषधांचंही तसंच. अॅस्पिरिन प्लेटलेटना, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या रक्तातल्या बारीक कणांना, त्यांच्या उरलेल्या आयुष्यभरासाठी निकामी करते, आणि प्लेटलेट जगते सात ते दहा दिवस. त्यामुळे ती गोळी साधारण तेवढे दिवस आधी थांबवायला सांगतात. पण हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी बारीक जाळी) असेल तर ती आपल्या मनाने अजिबात बंद करू नका. हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो निर्णय जिवावर बेतू शकतो. लसणाच्या कॅप्सूल, माशाच्या तेलाच्या गोळ्या, वैद्यांची चूर्णं, सगळं कागदावर लिहून न्या. रक्त लवकर थांबलं नाही तर ते कातडीखाली साचतं, आणि त्याच्या दाबाने वरच्या कातडीचा रक्तपुरवठा तुटतो. रक्तदाब आटोक्यात हवा तो यासाठीच.

भुलेआधीच्या उपाशीपणाबद्दल घरोघरी गोंधळ दिसतो. घन आहार सहा तास आधी बंद, पाणी किंवा बिनदुधाचा चहा दोन तास आधीपर्यंत चालतो. पेज कितीही पातळ असली तरी ते जेवणच, आणि सोलकढीत नारळाचं दूध असतं, म्हणजे तीही नाही. भूल दिल्यावर पोटातलं उलटून फुप्फुसात जाऊ शकतं. तुमच्या भूलतज्ज्ञांनी वेगळी वेळ सांगितली असेल तर तीच पाळा.

सर्जनला सेल्फी दाखवून ‘माझं नाक मोठं आहे’ असं सांगू नका. हातभर अंतरावर किंवा त्याहून जवळ धरलेला कॅमेरा नाक खऱ्यापेक्षा रुंद दाखवतो. समोरून, तिरके आणि बाजूने, नीट अंतरावरून काढलेले फोटोच बोलणीसाठी कामाचे. सर्जनची पदवीही विचारा: एम.सीएच. किंवा डीएनबी (आता तिला डीआरएनबी म्हणतात), प्लास्टिक सर्जरीतली. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे.

तारीख ठरवताना ऊन लक्षात घ्या. ताज्या व्रणावर ऊन पडलं की तो काळसर होतो, आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर तो डाग महिनोन्‌महिने राहतो. डोळ्यांखालचं काळंनिळं दोनेक आठवड्यांत ओसरतं, पण नाकाच्या शेंड्याची सूज पूर्ण उतरायला वर्षही लागतं. मे महिन्यात लग्न असेल तर मार्चमधली तारीख घेऊ नका. आदल्या वर्षीचा पावसाळा बरा.