उत्तरेकडच्या गॅलरीतली कोथिंबीर

डिसेंबरात पुण्यातला दिवस जेमतेम 11 तासांचा. सूर्य भर दुपारीही दक्षिणेला कललेला, क्षितिजापासून 48 अंशांवर. ज्यांची गॅलरी दक्षिणेला, त्यांच्याकडे ऊन पार सोफ्यापर्यंत येतं; आम्हा उत्तरवाल्यांच्या कुंड्या मात्र मार्चपर्यंत सावलीतच. कोथरूडच्या आमच्या घरी धने रगडून पेरले, उगवलेही. पण चार दिवसांत दोऱ्यासारख्या फिकट काड्या होऊन काचेकडे झुकले. उजेड कमी पडला की रोप पानांचा खर्च आवरतं आणि सगळी ताकद देठ लांबवण्यात घालतं.

मग दिवा आणायचा ठरलं. दुकानात आधी पुढे येतो तो जांभळा ‘ग्रो लाइट’, म्हणजे रोपं वाढवायचा दिवा. या जांभळ्याचं मूळ जुनं आहे. 1882 साली शास्त्रज्ञ थिओडोर एंगेलमान यांनी शेवाळाच्या तंतूवर इंद्रधनुष्याचा पट्टा पाडला आणि पाण्यात ऑक्सिजनकडे धावणारे जिवाणू सोडले. त्यांची गर्दी झाली लाल आणि निळ्या भागात. म्हणजे शेवाळ तिथेच जोरात ऑक्सिजन सोडत होतं. म्हणून दिवाही लाल आणि निळा मिसळून जांभळा. पण 1972 मध्ये शास्त्रज्ञ कीथ मॅक्री यांनी 22 पिकांची पानं तपासली, तेव्हा हिरवा प्रकाशही पानं बऱ्यापैकी वापरतात असं दिसलं. साधी पांढरी एलईडी ट्यूब म्हणजे तरी काय? निळी चिप आणि तिच्यावर फॉस्फरचा लेप, ज्यातून बाकीचे रंग येतात. ती चालते. शिवाय जांभळ्या उजेडात पान पिवळं पडलंय की मावा लागलाय, काही म्हणजे काही कळत नाही.

खरा प्रश्न रंगाचा नाही, किती उजेड हा आहे. इथे डोळा साफ फसवतो. रात्री ट्यूब लावलेल्या दिवाणखान्यात 150-200 लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) असतात, बाहेर भर उन्हात लाखाच्या आसपास. आपल्याला दोन्हीकडे पेपर वाचता येतो. फोनमधलं लक्स मोजणारं अ‍ॅप अंदाजापुरतं पुरतं. फोन पानांच्या उंचीवर उताणा ठेवायचा. पालेभाजीला दहा हजार लक्स, बारा तास, एवढं तरी हवं. 20 वॅटच्या एका ट्यूबने ते होत नाही. तीन ट्यूब शेजारी शेजारी, पानांपासून वीतभर वर, आणि मागे पांढरा पत्रा. छताला टांगलेला दिवा कितीही मोठा असला तरी कुंडीच्या उपयोगाचा नाही. तीन ट्यूबना महिन्याला साधारण 22 युनिट लागतात. मंडईतल्या जुडीच्या भावाशी याचा हिशोब कृपया लावू नये.

टायमर मात्र घ्याच. जास्त उजेड बरा म्हणून सोळा-सोळा तास दिवा ठेवला, तर कोथिंबीर लांब दिवस समजून लवकर तुऱ्यावर येते आणि पानं बारीक होतात. मेथीचंही तसंच. पुदिना कमी उजेडातही तग धरतो.

टोमॅटोला याच्या दुप्पट-तिप्पट उजेड लागतो. त्याची कुंडी आम्ही समोरच्या दक्षिणवाल्या काकूंकडे ठेवली आहे. निम्मे टोमॅटो त्यांचे.