परदेशात बँक खातं उघडायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि भारतातले नियम

नाशिकमध्ये बसून बाहेरच्या कंपन्यांचं काम करणारी मंडळी आता गंगापूर रोडपासून इंदिरानगरपर्यंत सगळीकडे भेटतात. त्यातले काहीजण सहा महिने पोर्तुगालला किंवा दुबईला राहून काम करायच्या बेतात असतात आणि निघण्याआधीच विचारतात, तिथं खातं कसं उघडायचं? उत्तर देशागणिक बदलतं, पण सुरुवात एकाच प्रश्नापासून होते: तुम्ही रहिवासी कुठले? तिकडच्या कायद्यानं रहिवासी की पाहुणे, आणि भारताच्या कायद्यानं निवासी की अनिवासी? कोणतं खातं मिळेल, पैसे किती पाठवता येतील, आयकर विवरणपत्रात काय दाखवायचं, हे सगळं या उत्तरावर ठरतं. बहुतेकजण मात्र आधी बँक निवडतात आणि मग कागदांच्या मागे धावतात.

कोणाला मिळतं, कोणाला नाही

विद्यार्थी, नोकरदार आणि निवास परवाना असलेले लोक यांचं काम सोपं असतं. पर्यटक व्हिसावर गेलेल्याला बहुतेक बँका दारातूनच परत पाठवतात. डिजिटल नोमॅड, म्हणजे देश बदलत ऑनलाइन काम करणारा, या दोघांच्या मधला. व्हिसा कायदेशीर, उत्पन्न चांगलं, पण पत्ता दर महिन्याला वेगळा. बँकेला नेमकी हीच गोष्ट खटकते.

युरोपियन संघात याला एक कायदेशीर आधार आहे. २०१४ च्या निर्देशानुसार संघात कायदेशीररीत्या राहणाऱ्या कोणालाही, पक्का पत्ता नसला तरी, मूलभूत, म्हणजे रोजच्या साध्या व्यवहारांपुरत्या, खात्याचा हक्क आहे. पूर्ण भरलेला अर्ज मिळाल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत बँकेनं खातं उघडावं किंवा नकार कळवावा लागतो. मनी लाँडरिंगच्या नियमांखाली नकार देता येतो, त्या देशात तुमचं आधीच असं खातं असेल तरीही देता येतो. पण "तुम्ही परदेशी आहात" एवढंच कारण चालत नाही. काउंटरवर हा हक्क कोणी आपणहून सांगत नाही, म्हणून अर्ज करताना मूलभूत खातंच हवंय असं स्पष्ट लिहावं.

जर्मनीत घर मिळालं की दोन आठवड्यांत पालिकेत पत्त्याची नोंद करावी लागते. तिला अनमेल्डुंग म्हणतात आणि बहुतेक बँका तोच दाखला मागतात. शिकायला जाणाऱ्यांची वाट वेगळी आहे. व्हिसासाठी निधी दाखवायला ते सहसा आधी 'ब्लॉक्ड अकाउंट' उघडतात. त्यात वर्षाला ११,९०४ युरो ठेवायचे आणि तिथं पोचल्यावर महिन्याला ९९२ युरो काढायचे. हे खातं नाशिकमध्ये बसूनच ऑनलाइन उघडता येतं.

पोर्तुगालमध्ये सगळं 'निफ' या नऊ आकडी कर क्रमांकावर अडतं. तो असल्याशिवाय बँक पुढे जात नाही. तिथला डिजिटल नोमॅड व्हिसा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि त्याला पोर्तुगालच्या किमान वेतनाच्या चौपट मासिक उत्पन्न दाखवावं लागतं. संयुक्त अरब अमिरातीत निवास व्हिसा आणि एमिरेट्स आयडी हातात आला की खातं उघडतं. अनिवाशांना काही बँका बचत खातं देतात, पण किमान शिल्लक भरपूर मागतात. अमेरिकेत सोशल सिक्युरिटी क्रमांक कायद्यानं सक्तीचा नाही, पासपोर्ट क्रमांकावर ओळख पटवता येते. तरी बँका तिथला पत्ता मागतात आणि अनिवाशाकडून डब्ल्यू-८बेन, म्हणजे 'मी अमेरिकेचा करनिवासी नाही' असं सांगणारा फॉर्म भरून घेतात.

एस्टोनियाच्या ई-रेसिडेन्सीची जाहिरात तुम्ही पाहिली असेल. २०१४ पासून चालू असलेली ही सरकारी डिजिटल ओळख आहे, कंपनी चालवायला उपयोगी. तिनं राहण्याचा हक्क मिळत नाही आणि बँक खात्याची हमीही नाही. एवढ्यासाठीच ती काढायचा विचार असेल तर सोडून द्या.

निघण्याआधी नाशिकमध्ये जमवायचे कागद

पासपोर्ट, व्हिसा किंवा निवास परवाना, तिथल्या पत्त्याचा पुरावा (भाडेकरार, विद्यापीठाचं किंवा मालकाचं पत्र), भारतातल्या पत्त्याचा पुरावा, उत्पन्नाचा पुरावा आणि पॅन. शेवटचा कागद लोक विसरतात. खातं उघडताना तिथली बँक 'तुम्ही कोणत्या देशात कर भरता' याचं स्वयंघोषणापत्र घेते, त्यात भारतीयांना पॅन लिहावा लागतो.

खरी अडचण येते ती नाव आणि पत्ता जुळण्यात. पासपोर्टवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव. बँकेत नुसतं नाव आणि आडनाव. लग्नानंतर एका कागदावर सासरचं, दुसऱ्यावर माहेरचं. त्यात आपलं शहर इंग्रजीत कुठे 'एच' घालून लिहिलेलं असतं, कुठे 'एच'शिवाय. एका कागदावर सिडको, दुसऱ्यावर नवीन नाशिक. आपल्या पोस्टमनला यातलं काहीच खटकत नाही, पण तिकडचा तपासणी करणारा माणूस हे दोन वेगळे पत्ते धरतो. म्हणून निघण्यापूर्वी बँकेतला पत्ता पासपोर्टशी अक्षरशः जुळवून घ्या आणि त्याच पत्त्याचं मागच्या सहा महिन्यांचं खात्याचं विवरण इंग्रजीत, शाखेच्या सही-शिक्क्यासह घ्या. महावितरणचं मराठी बिल तिथं कामाचं नाही.

काही बँका साक्षांकित प्रती मागतात. सीबीएसजवळ जिल्हा न्यायालयाच्या आवारात नोटरी लगेच मिळतो, पण नोटरी म्हणजे ॲपोस्टिल नव्हे. ॲपोस्टिल, म्हणजे करारातल्या देशांत कागद खरा धरला जावा म्हणून दिलेलं प्रमाणपत्र, परराष्ट्र मंत्रालयाचं असतं आणि त्याआधी कागदावर सहसा राज्य सरकारचं प्रमाणन लागतं, म्हणून त्यासाठी वेळ हाताशी ठेवावा. भारत २००५ पासून ॲपोस्टिल करारात आहे, पण अमिराती त्या करारात नाहीत. दुबईसाठी दूतावासाच्या साक्षांकनाची पायरी वाढते. बँकेनं लेखी मागितल्याशिवाय यात पैसे घालू नका. एजंट हे 'लागतंच' म्हणून सांगतात.

इथून पैसे पाठवताना

भारतात निवासी असलेल्या व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली, म्हणजे एलआरएसमध्ये, एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. परदेशात खातं उघडणं हेही त्यातलं मान्य कारण आहे. बँकेत फॉर्म ए-२ भरताना उद्देश संकेतांक एस००२३ लिहायचा. पैसे ज्या बँकेतून पाठवायचे तिथं तुमचं खातं किमान एक वर्ष जुनं असावं. नवं असेल तर बँक आधीच्या बँकेचं वर्षभराचं विवरण मागते. या कामासाठी कर्ज काढून पैसे पाठवता येत नाहीत. परकीय चलनाचं काम प्रत्येक शाखेत होत नाही आणि पतसंस्थेतून तर हे होणारच नाही. आधी फोन करून विचारलेलं बरं.

सगळ्या बँकांमधून मिळून वर्षाला दहा लाख रुपयांपर्यंत टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक घेते तो आयकर, लागत नाही. त्याहून जास्त रकमेवर या कारणासाठी २० टक्के कापला जातो. तो विवरणपत्र भरताना कराच्या रकमेत वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर पैसा अडकून पडतो. मार्च-एप्रिलमध्ये विभागून पाठवलं तर दोन वर्षांच्या मर्यादा वापरता येतात. एलआरएसनं पाठवलेली रक्कम न गुंतवता पडून राहिली तर १८० दिवसांत परत आणावी लागते, हा २०२२ पासूनचा नियम आहे. 'असू दे तिथं पडून' या हिशेबानं खातं उघडणाऱ्यांनी तो आधी वाचावा.

फ्रीलान्सरांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. नाशिकमध्ये राहून परदेशी ग्राहकाचं काम केलं, तर ती सेवेची निर्यात आहे आणि तो पैसा ठरलेल्या मुदतीत भारतात आणावा लागतो. तो परस्पर लिस्बनच्या खात्यात साठवायला एलआरएसचा आधार घेता येत नाही. डॉलरमध्येच हवा असेल तर भारतातल्या बँकेत ईईएफसी, म्हणजे परकीय चलनातली कमाई ठेवायचं, खातं उघडा. आणि हेतू फक्त डॉलरमध्ये बचत एवढाच असेल, तर जुलै २०२४ पासून निवासी भारतीयांना गांधीनगरच्या गिफ्ट सिटीत एलआरएसखाली परकीय चलन खातं उघडता येतं. लिस्बनपेक्षा हे बरंच सोयीचं.

थोड्या दिवसांसाठी गेलेल्या निवासी भारतीयाला तिथल्या मुक्कामापुरतं खातं उघडायची मुभा फेमाच्या, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या, नियमांत आहे, मात्र परतल्यावर शिल्लक भारतात आणायची. नोकरीसाठी किंवा अनिश्चित काळासाठी गेलात तर फेमाप्रमाणे तुम्ही अनिवासी होता आणि इथलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवाशांच्या रुपया खात्यात बदलावं लागतं. आयकराचा दिवसांचा हिशेब यापेक्षा वेगळा आहे. त्यामुळे एकाच वर्षी एका कायद्यानं अनिवासी आणि दुसऱ्यानं निवासी असणं शक्य आहे. सीएकडे जाताना पासपोर्टवरचे शिक्के घेऊनच जा.

विवरणपत्रात दाखवणं

आयकराच्या दृष्टीनं तुम्ही सर्वसाधारण निवासी असाल तर परदेशातलं प्रत्येक खातं विवरणपत्रातल्या 'शेड्यूल एफए' या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावं लागतं, अगदी शंभर युरो असले तरी. उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत असलं तरी विवरणपत्र भरावंच लागतं. त्यासाठी आयटीआर-१ किंवा ४ चालत नाही, आयटीआर-२ किंवा ३ घ्यावा लागतो. माहिती कॅलेंडर वर्षाची मागतात: आर्थिक वर्ष २०२४-२५ च्या विवरणपत्रात ३१ डिसेंबर २०२४ ला संपलेल्या वर्षातली खाती. फेब्रुवारी २०२५ मध्ये उघडलेलं खातं त्यापुढच्या विवरणपत्रात येईल.

न दाखवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाखांचा दंड आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून, स्थावर सोडून परदेशातली एकूण मालमत्ता वीस लाखांपेक्षा जास्त नसेल तर तो लागत नाही, पण दाखवण्याची जबाबदारी सुटत नाही. लपवून उपयोगही नाही. तुम्ही लिहून दिलेल्या पॅनसह खात्याची माहिती शंभरहून अधिक देश एकमेकांना दरवर्षी आपोआप पाठवतात.

खातं बंद केलंत तरी त्या वर्षाच्या तक्त्यात ते येतंच. वर्षातली कमाल शिल्लक, मिळालेलं व्याज आणि शेवटची शिल्लक तिथं भरावी लागते. ॲप बंद झालं की जुनी विवरणं उघडत नाहीत, म्हणून परतण्याआधी सगळी विवरणं उतरवून घ्या आणि खातं बंद केल्याचं पत्र इंग्रजीत मागून घ्या.