पहिल्या गेमिंग मशीनची यादी कुठून आली

आपल्याकडे टेबलाखालच्या डब्याला सरसकट ‘सीपीयू’ म्हणतात. दुरुस्तीला नेतानाही ‘सीपीयू घेऊन आलोय’ असंच सांगतात. पहिल्यांदा स्वतः मशीन जुळवायला बसलं की मात्र त्या एका डब्याचे सात-आठ जिन्नस होतात: प्रोसेसर (खरा ‘सीपीयू’ हाच), मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी (फाइली साठवायची जागा), एसएमपीएस (सगळ्यांना वीज पुरवणारा डबा) आणि उरलेला पत्रा म्हणजे कॅबिनेट. प्रत्येकाची किंमत वेगळी, वॉरंटी वेगळी. मग कोणीतरी मित्र एक यादी पाठवतो आणि ती जशीच्या तशी खरेदी होते. त्या यादीतली प्रत्येक ओळ कधीतरी, कशामुळे तरी तिथे आली आहे. ते कारण माहीत नसलं तर यादी शिळी झाल्याचंही कळत नाही.

सुटे भाग निवडायची मुभा मुळात आयबीएममुळे मिळाली. ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आलेला त्यांचा पीसी घाईने उभा केलेला होता: प्रोसेसर इंटेलचा, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची, बाकीचंही बरंचसं बाहेरून घेतलेलं. सर्किटच्या आकृत्या त्यांनी तांत्रिक पुस्तिकेत छापूनच दिल्या. खरं कुलूप एकच होतं, बायॉस, म्हणजे मशीन सुरू करणारं बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर. कॉम्पॅकने ते मूळ कोड न पाहिलेल्या लोकांकडून नव्याने लिहून घेतलं आणि १९८४ पासून फिनिक्स ही कंपनी असंच बायॉस इतर उत्पादकांना विकू लागली. पुढे १९९५ मध्ये इंटेलने बोर्ड आणि कॅबिनेटचं एटीएक्स हे माप ठरवलं. स्क्रूची भोकं कुठे, मागची पोर्ट कुठे, एसएमपीएसचा कनेक्टर कसा, सगळं पक्कं झालं. आजचा बोर्ड वीस वर्षांपूर्वीच्या कॅबिनेटमध्ये बसतो तो त्यामुळेच.

भारतात १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीचं दार किलकिलं केलं. १९९७ मध्ये आपण जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती-तंत्रज्ञान करारात सामील झालो आणि २००५ पर्यंत संगणक व त्याच्या बहुतेक भागांवरचं सीमाशुल्क शून्यावर आलं. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनाजवळ डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण लोकांच्या तोंडी तो लॅमिंग्टन रोडच. इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचा हा बाजार संगणकाच्या भागांचा बाजार झाला आणि ‘असेम्बल्ड’ हा शब्द घराघरात पोचला. कंपनीचं मशीन परवडत नाही म्हणून असेम्बल्ड घ्यायचं, एवढाच तेव्हा त्याचा अर्थ होता.

गेमिंगने हा अर्थ बदलला. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्सचं व्हूडू कार्ड आलं. ते फक्त त्रिमितीचं काम करायचं, त्यामुळे साधं ग्राफिक्स कार्ड वेगळं लागायचंच आणि दोघांना जोडणारी एक केबल मशीनच्या मागून फिरवावी लागायची. १९९९ मध्ये एनव्हिडियाने जीफोर्स २५६ आणताना ‘जीपीयू’ (ग्राफिक्सचा प्रोसेसर) हा शब्द रूढ केला. बजेटमधला सगळ्यात मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाला द्यायचा, हा नियम या काळातला. ‘स्वस्तात मस्त’ शोधायची सवयही तेव्हाचीच. १९९८ चा इंटेलचा सेलेरॉन ३००ए घ्यायचा, बोर्डावर बसची (प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या वाटेची) गती ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ करायची, की बहुतेक चिप ४५० मेगाहर्ट्झवर सुरळीत चालायच्या आणि कितीतरी महाग पेंटियम टूच्या पंगतीला बसायच्या.

पण मला जास्त सांगायचंय ते एसएमपीएसबद्दल, कारण पहिल्या मशीनमध्ये सगळ्यात जास्त पैसे इथेच चुकीच्या जागी वाचवले जातात. एटीएक्सच्या सुरुवातीच्या काळात मशीनचा मुख्य भार ३.३ आणि ५ व्होल्टवर असायचा. २००० मध्ये पेंटियम ४ आला, त्याच्यासाठी चार पिनांचा जादा कनेक्टर आला आणि भार १२ व्होल्टकडे सरकला. पुढे ग्राफिक्स कार्डंही त्याच १२ व्होल्टवर जगू लागली. स्वस्त कॅबिनेटसोबत फुकट मिळणारे एसएमपीएस मात्र जुन्याच हिशोबाने बनत राहिले. असा एखादा हातात घ्या आणि बाजूचं लेबल नीट वाचा. वर ठळक ‘४५० वॉट’ असतं. खालच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात, समजा, १४ अँपिअर लिहिलेत. बारा गुणिले चौदा, १६८ वॉट. त्यातले ६५ प्रोसेसरचे, ७५ साध्याशा ग्राफिक्स कार्डाचे. उरलेल्या २८ वॉटांत बोर्ड, डिस्क, पंखे भागवायचे. शिवाय लेबलवरचा आकडाही खरा असेलच असं नाही. माझ्या पहिल्या मशीनचा एसएमपीएस लोडशेडिंगच्या काळात, वीज परत आल्याच्या क्षणी गेला आणि जाताना मदरबोर्डही घेऊन गेला.

म्हणूनच एनव्हिडियाचं २०१४ चं जीटीएक्स ७५० टीआय आणि २०१६ चं १०५० टीआय ही कार्डं बजेटवाल्यांना इतकी प्रिय झाली. मदरबोर्डाचा स्लॉट ७५ वॉट देतो आणि त्यांचं तेवढ्यात भागायचं. त्यांच्या बऱ्याच मॉडेलना वेगळी केबल लागत नसे. ऑफिसातून निघालेलं जुनं मशीनही त्यांच्यामुळे गेमिंगचं झालं. एसएमपीएसवरचा, २००४ मध्ये सुरू झालेला ‘एटी प्लस’ (80 Plus) हा शिक्का उपयोगाचा आहे, पण तो कार्यक्षमतेचा आहे, मशीन जळणार नाही याची हमी नव्हे.

२०१७ मध्ये इंटेलच्या स्पर्धक एएमडीचा रायझन प्रोसेसर आला. त्याच सुमारास क्रिप्टो मायनिंगमुळे (कार्डांवर आकडेमोड करून आभासी चलन कमावण्यामुळे) ग्राफिक्स कार्डांचे भाव भडकले होते, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये रायझन ३ २२००जी अगदी वेळेवर उतरला: चार कोअर आणि आतच बऱ्यापैकी ग्राफिक्स. कार्डाविना गेमिंग मशीन होऊ लागलं. असे ग्राफिक्स रॅममधूनच काम भागवतात आणि दोन काड्यांनी रॅमचा वेग वाढतो, म्हणून ‘रॅमची एक मोठी काडी नको, दोन छोट्या घे’ हा सल्ला तिथून घट्ट झाला. एएमडीच्या एएम४ सॉकेटने (बोर्डावरच्या प्रोसेसर बसवायच्या जागेने) आणखी एक सवय लावली. २०१८ च्या बोर्डावर पुढे रायझनच्या ५००० मालिकेचे प्रोसेसरही चालले, त्यामुळे प्रोसेसरबरोबर बोर्डाचं भविष्य बघून खरेदी होऊ लागली. मात्र डबाबंद बोर्डात जुनं बायॉस असलं तर नवा प्रोसेसर लावून पंखे फिरतात आणि स्क्रीन काळी राहते. कित्येकांनी अशा वेळी चांगला बोर्ड खराब समजून परत केला आहे. दुकानातच बायॉस अपडेट करून मागावं.

भाव कारखान्यापासून दूरच्या घटनांनी हलतात, हेही बजेटवाल्यांनी वारंवार अनुभवलंय. २०११ च्या थायलंडमधल्या पुराने हार्ड डिस्क महागल्या. २०२१ मध्ये मायनिंगमुळे कार्डं पुन्हा हाताबाहेर गेली. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग थांबलं आणि वापरलेल्या कार्डांचा जुन्या बाजारात पूर आला. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी खेचून घेतली आणि रॅम कडाडली. त्याआधीच्या यादीतली ‘१६ जीबी’ ही निर्धास्त ओळ आता सगळं गणित बिघडवते. वेगळं ग्राफिक्स कार्ड घेणार असाल तर सध्या एकच काडी लावून दुसरा स्लॉट रिकामा ठेवला तरी निभतं, दुसरी भाव उतरल्यावर घेता येते. प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर खेळायचं असेल तर मात्र दोन काड्या हव्यातच. मग काटछाट कॅबिनेटच्या काचेत आणि रंगीत दिव्यांत करावी, एसएमपीएसमध्ये नको.