जुन्या ट्रकच्या गंजलेल्या नळ्यांची दुरुस्ती

ट्रकच्या चासीला धरून गेलेल्या ब्रेक ऑइल, क्लच ऑइल आणि डिझेलच्या पोलादी नळ्या गंजून पातळ झाल्या की त्या काढून नव्या बसवण्याचे काम. पुण्यात निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीपासून मार्केट यार्डाच्या आसपासच्या गॅरेजांपर्यंत याला नुसते ‘पाइप बदलणे’ म्हणतात. गळती दिसली तेवढाच तुकडा कापून मध्ये जोड मारणे हेही याच नावाने खपते, पण ब्रेकच्या बाबतीत ती दुरुस्ती नव्हे. एका जागी भोक पडले म्हणजे त्याच वयाची, तोच चिखल खाल्लेली उरलेली नळीही त्याच वाटेवर असते.

पुणे शहराचा पाऊस कोकणाच्या मानाने थोडा. पण इथल्या गाड्या इथेच थांबत नाहीत. ताम्हिणी, वरंधा घाट उतरून त्या कोकणात जातात आणि खारी हवा घेऊन परत येतात. गणेश पेठेच्या बाजारात मासळी आणणाऱ्या गाडीतून बर्फाचे खारे पाणी रात्रभर खाली ठिबकत राहते. खताच्या पोत्यांतून सांडलेली भुकटीही तेच करते. पोलादावरचा जस्ताचा मुलामा एकदा खरवडला की मीठ गंजाचा वेग वाढवते. सर्वांत वाईट जागा असते ती नळी चासीला धरून ठेवणाऱ्या क्लिपखाली. तिथे चिखल अडकतो, ओल आठवडेच्या आठवडे वाळत नाही. उघडी नळी तपकिरी दिसते म्हणून आपण घाबरतो आणि क्लिपखालची कागदाएवढी पातळ झालेली आपल्याला दिसतच नाही.

हलक्या व मध्यम जुन्या गाड्यांत ब्रेक तेलावर चालतात. १९८६ मध्ये बाजारात आलेली, पुण्यातच घडलेली टाटा ४०७ हे याचे ओळखीचे उदाहरण. जोरात ब्रेक दाबला की नळीतला दाब १०० बारच्या घरात जाऊ शकतो. ट्रकच्या टायरमध्ये हवा असते साधारण ७ बार. सपाटीवर हलक्या पायाने चालवताना जी नळी टिकते, तीच खंबाटकीच्या उतारावर भरल्या गाडीचा ब्रेक दाबताना फुटते. म्हणून एपॉक्सीची पुटी, सायकलच्या ट्यूबची पट्टी, पितळेची झाळ किंवा रिंग आवळून बसवायचा जोड यांतले काहीही ब्रेकच्या नळीवर चालत नाही.

डिझेलच्या नळीचे दुखणे निराळे. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा, म्हणजे टाकीतले डिझेल ओढणाऱ्या पंपापर्यंतचा भाग ओढीवर असतो. तिथे बारीक भोक पडले तर डिझेल ठिबकत नाही, उलट हवा आत ओढली जाते. सकाळी गाडी लवकर सुरू होत नाही, प्रायमर, म्हणजे डिझेल चढवायचा हातपंप, मारून मारून हात दुखतो, आणि दोष पंपावर जातो. मध्ये पारदर्शक नळीचा तुकडा जोडून पाहिले की बुडबुडे दिसतात. या कमी दाबाच्या बाजूला डिझेलसाठी बनवलेला रबरी होज आणि चांगली क्लॅम्प चालते. मोठ्या दाबाच्या पंपापासून इंजेक्टरपर्यंतच्या (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागापर्यंतच्या) जाड नळ्या मात्र दुरुस्त करायच्या नसतात, त्या बदलायच्याच. तिथली गळती बोटाने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी. डिझेलची बारीक धार कातडीत शिरते. टाकीजवळ वेल्डिंग नको, रिकामी टाकी तर भरलेलीपेक्षा धोक्याची.

खरी परीक्षा नट सोडवताना. गाडीखाली भक्कम स्टँड लावायचे, चाकांना दगड. नुसत्या जॅकवर कोणी गाडीखाली शिरू नये. गंजलेला नट नळीला असा धरतो की पाना फिरवला की नट आणि नळी दोन्ही एकत्र पिळतात. जुनी नळी जायचीच असेल तर ती नटापाशी कापावी आणि नटावर सहाकोनी सॉकेट पूर्ण बसवावा. उघड्या पान्याने कोपरे झिजतात. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल सोडून ठेवले असेल तर सकाळी काम निम्मे होते. व्हील सिलिंडरचे, म्हणजे चाकापाशी ब्रेक दाबणाऱ्या सिलिंडरचे, आटे गेले तर खर्च नळीच्या कितीतरी पट. म्हणून इथे घाई करणारा मिस्तरी आपला नव्हे.

नवी नळी दुहेरी भिंतीची पोलादी किंवा तांबे-निकेल मिश्रधातूची असावी. या मिश्रधातूत साधारण १० टक्के निकेल असते. तो गंजत नाही आणि हाताने वळतो. नुसते तांबे चालत नाही. कसबा पेठेतल्या तांबट आळीत मठारकाम, म्हणजे हातोडीने ठोकून भांड्याला घाट देण्याचे काम, करताना ठोके पडत जातात तसे भांडे कडक होत जाते. भांड्याला जो गुण टिकाऊ करतो, तोच कंपनांच्या माऱ्याखाली ब्रेकच्या नळीला तडकवतो.

जुनी नळी फेकायची नाही, ती समोर ठेवून तशीच वळणे घ्यायची. टोक सरळ कापायचे, कानशीने आतबाहेरची बर, म्हणजे कापताना उरलेली धारदार कड, काढायची, नट आधी ओवायचा आणि मगच फ्लेअर मारायचा, म्हणजे जोडात घट्ट बसावे म्हणून टोक पसरवायचे. फ्लेअर दुहेरी हवा: पहिल्या दाबात टोक फुगते, दुसऱ्यात ती कड आत दुमडते. फ्लेअर नखाने चाचपावा. बारीक चीर लागली तरी टोक कापून पुन्हा. शेवटी नळीत हवा मारून बारीक कीस बाहेर काढायचा.

मग ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा काढणे. मास्टर सिलिंडरपासून, म्हणजे पेडलने दाबल्या जाणाऱ्या मुख्य सिलिंडरपासून, सर्वांत दूरचे चाक आधी, म्हणजे आपल्याकडे बहुधा मागचे डावे. एकजण वर पेडलवर, दुसरा खाली चाकापाशी. खालून आवाज येतो, ‘मार... मार... धर!’ वरून ‘धरलंय!’ आल्यावरच निप्पल (चाकापाशी हवा सोडायचा छोटा स्क्रू, त्याची नळी बाटलीत) उघडायचा, आणि पाय वर येण्याआधी बंद करायचा. बाटलीत बुडबुडे थांबेपर्यंत हेच. मास्टर सिलिंडरवरच्या डबीतले तेल मध्येच संपू देऊ नये, नाहीतर सगळे पहिल्यापासून. ताजे डॉट ३ प्रतीचे ब्रेक ऑइल सुमारे २०५ अंश सेल्सिअसला उकळते. ओल शोषल्यावर ते १४० पर्यंत उतरू शकते, म्हणून बाहेर आलेले तेल परत ओतायचे नाही. काम झाल्यावर पेडल मिनिटभर दाबून धरावे आणि प्रत्येक जोडावर कोरडा वर्तमानपत्राचा कागद टेकवून पाहावा. पहिली चाचणी सपाट, मोकळ्या रस्त्यावर, हळू.

आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दर वर्षी फिटनेस (गाडी चालवण्यायोग्य असल्याचे प्रमाणपत्र) करावे लागते, पण तेवढ्यावर थांबू नये. खंडेनवमीला पुण्यातल्या बहुतेक गाड्या धुतल्या जातात आणि तोवर पाऊसही सरत आलेला असतो. हार घालण्याआधी क्लिपा सैल करून त्यांच्याखाली तारेचा ब्रश फिरवायला तो दिवस चांगला.