चार इंचांचा उंबरठा

व्हॉट्सॲपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक फॉरवर्ड फिरून येतं. लॉटरी लागलेला माणूस आणि अपघातात कमरेखालून लुळा पडलेला माणूस वर्षभरानंतर सारखेच सुखी असतात, असं शास्त्रज्ञांनी म्हणे सिद्ध केलंय. खाली हात जोडल्याचं चित्र. वाचायला बरं वाटतं, पण ज्या अभ्यासाच्या नावावर हे खपवलं जातं त्यात असं काही सापडलेलंच नाही.

तो अभ्यास १९७८ चा, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातला. मानसशास्त्रज्ञ फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉटरी लागलेली २२, अपघातात अपंगत्व आलेली २९ आणि चारचौघांसारखी २२ माणसं गाठली. सध्या किती सुखी आहात, हे ० ते ५ च्या पट्टीवर विचारलं. लॉटरीवाल्यांची सरासरी ४ आली, चारचौघांची ३.८२ आणि अपघातवाल्यांची २.९६. म्हणजे ती माणसं इतरांपेक्षा कमी सुखी होतीच. तरीही २.९६ वर जरा थांबायला हवं. तो पट्टीच्या मध्याच्या वरचा आकडा आहे. अपघाताला फार दिवस झाले नव्हते, उपचार चालू होते आणि २९ पैकी १८ जणांचे पायांबरोबर हातही अधू झाले होते. त्यांच्या वतीने आपण उत्तर दिलं असतं, तर बहुधा शून्य लिहून मोकळे झालो असतो.

हा अंदाज जाणकारांचाही चुकतो. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत आपत्कालीन विभागात काम करणाऱ्यांना विचारलं होतं, की पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मज्जारज्जूला मोठी इजा होऊन तुम्ही वाचलात, तर वाचल्याचा आनंद वाटेल का? १८ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. ज्यांना खरोखर तशी इजा झाली होती, त्यांच्यात हेच प्रमाण ९२ टक्के होतं.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान यांचं म्हणणं असं, की एका गोष्टीकडे रोखून पाहिलं की ती आहे त्याहून मोठी दिसते. ‘पॅराप्लेजिक’ (कमरेखालून लुळा) म्हटलं की आपल्याला पडण्याचा क्षण दिसतो, अतिदक्षता विभाग दिसतो. त्याच माणसाचा सहाशेवा दिवस दिसत नाही. त्या दिवशी तो चहा गार झाला म्हणून कुरकुरत असतो आणि आपली तिसरी विकेट पडली म्हणून टीव्हीवर खेकसत असतो.

पण म्हणून ‘सवय होते, मग सगळं ठीक’ असंही नाही. जर्मनी आणि ब्रिटनमधल्या लोकांची वर्षानुवर्षं नोंद ठेवलेल्या पाहण्यांत दिसलं, की मोठं अपंगत्व आल्यावर घसरलेलं समाधान सरासरीने पूर्वपदावर येत नाही. मज्जारज्जूला इजा झालेल्यांत नैराश्याचं प्रमाण साधारण २२ टक्के आहे. पाचातला एक. उरलेल्या चौघांचं आणि त्या एकाचं नेमकं काय वेगळं असतं, हा खरा प्रश्न. इजा किती वरच्या मणक्यात झाली, यावरून त्याचं उत्तर फारसं मिळत नाही.

देवगडकडचा पंचविशीतला एक आंबे काढणारा डोळ्यांपुढे आणू. फांदी मोडली, तो पाठीवर पडला आणि छातीच्या शेवटच्या मणक्यापाशी मज्जारज्जू चिरडला. (आपल्याकडे झाडावरून, गच्चीवरून पडून होणाऱ्या अशा इजा भरपूर.) हात शाबूत, पाय गेले. भेटायला येणारे शहाळी घेऊन येतात आणि त्याच्या डोक्यावरून बायकोला विचारतात, ‘चालेल का गं पुन्हा?’

मज्जारज्जू करंगळीएवढ्या जाडीचा आणि साधारण ४५ सेंटिमीटर लांबीचा असतो. हातावर कापलं तर तिथला चेतातंतू हळूहळू का होईना वाढतो. मज्जारज्जूतले तंतू तसे वाढून पलीकडे पोचत नाहीत. इजा अर्धवट असेल तर पहिल्या वर्षात बरंच परत येऊ शकतं. पूर्ण असेल तर पाय परत येण्याची आशा फार थोडी. तेव्हा ‘चालेल का’ हा प्रश्न खोटा नाही. मात्र त्या प्रश्नापायी दुसरा एक प्रश्न कोणी विचारत नाही: लघवीचं काय?

मूत्राशय भरल्याची वर्दी मेंदूपर्यंत जात नाही आणि ‘थांब’ हा हुकूम खाली येत नाही. लघवी कधीही गळते, किंवा आत तुंबून मूत्रपिंडांवर दाब टाकत राहते. एके काळी या रुग्णांच्या मृत्यूचं एक मोठं कारण मूत्रपिंडं निकामी होणं हेच होतं. १९७२ साली अमेरिकेतल्या मिशिगनचे मूत्ररोगतज्ज्ञ जॅक लॅपिडस यांनी एक साधी गोष्ट मांडली: नळीने लघवी काढायला दर वेळी निर्जंतुक हातमोजे आणि नर्स लागत नाही. साबणाने हात धुवून, स्वच्छ नळी रुग्णाने स्वतःच घालायची, मूत्राशय रिकामं करायचं, नळी काढून टाकायची. दर चार ते सहा तासांनी. आधी इतर डॉक्टर बिचकले, पण वारंवार पूर्ण रिकामं होणारं मूत्राशय जंतुसंसर्गाला चांगलं तोंड देतं हे दिसून आलं आणि पद्धत जगभर गेली.

आता ही नळी आपल्या आंबेवाल्याला कोणी शिकवलीच नाही असं धरा. चुलत भावाच्या लग्नाला तो जात नाही. म्हणतो, ‘गर्दी नको वाटते.’ मित्र बोलवायला येतात तेव्हा झोपेचं सोंग घेतो. सहा महिन्यांनी घरचे म्हणतात, पोरगं अबोल झालंय, डिप्रेशन आलंय. आलं असेलही, समुपदेशन आणि गोळ्या दोन्ही लागतील. पण त्याच्या एकटेपणाची सुरुवात चड्डी ओली होण्याच्या धास्तीतून झाली होती, आणि तो ते आईलाही सांगणार नव्हता. (बायकोसोबतच्या शरीरसंबंधांचंही तेच. तो विचारत नाही, डॉक्टर विषय काढत नाहीत, आणि त्यावर उपाय असतात हे कळायचंच राहून जातं.)

कातडीची गोष्टही अशीच. आपण खुर्चीत नकळत चुळबुळ करतो. त्याला रुतल्याचं कळतच नाही. हाडावरची कातडी दबून रक्त थांबतं आणि बेडसोर होतो. म्हणून पलंगावर दर दोन तासांनी कूस बदलायची आणि खुर्चीत दर पंधरा-वीस मिनिटांनी पुढे वाकून किंवा हातांवर रेटा देऊन बूड उचलायचं, लगेच टेकायचं नाही. कंटाळवाणं काम आहे. चुकलं तर एक जखम माणसाला महिनोन्‌महिने पालथं झोपवते आणि तेवढ्यात हातची नोकरी जाते.

या सगळ्याची सांगड पहिल्यांदा नीट घालणारा माणूस म्हणजे लुडविग गुटमन. १९१७ साली जर्मनीतल्या एका इस्पितळात पोऱ्या म्हणून काम करताना त्यांनी पाठ मोडलेला एक खाणकामगार पाहिला. त्याला पडद्याआड ठेवलं होतं. फार लिहून घेऊ नकोस, काही आठवड्यांत जाणारच आहे, असं त्यांना सांगण्यात आलं. तो पाच आठवड्यांत गेला. गुटमन पुढे चेताशल्यविशारद (न्यूरोसर्जन) झाले, ज्यू असल्याने १९३९ मध्ये इंग्लंडला निघून आले आणि १ फेब्रुवारी १९४४ रोजी स्टोक मँडविलच्या इस्पितळात मज्जारज्जूच्या इजांचा विभाग सुरू केला. रात्रंदिवस दर दोन तासांनी कूस बदलायची; बदलली की नाही हे बघायला स्वतः रात्री फेरी मारायची. आणि दिवसा? दिवसा कोणी नुसतं पडून राहायचं नाही. सुतारकाम, घड्याळदुरुस्ती, खेळ. २९ जुलै १९४८ ला लंडन ऑलिंपिकचं उद्घाटन चाललं होतं, त्याच दिवशी इस्पितळाच्या हिरवळीवर १६ जणांची धनुर्विद्येची स्पर्धा झाली. पॅरालिंपिकचा उगम तो. खेळाची हौस एवढाच त्यामागचा विचार नव्हता. धनुष्य ओढताना खांदे आणि पाठ बळकट होतात, तोल सांभाळता येतो आणि धनुर्धारी उभा आहे की बसलेला, याची बाणाला पर्वा नसते.

आपले मुरलीकांत पेटकर याच वाटेने गेले. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा हा लष्करातला बॉक्सर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला. उपचाराचा भाग म्हणून पोहू लागला आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्णपदक घेऊन आला, भारताचं पहिलं. पाण्यात वजन हलकं होतं आणि उंबरठे नसतात. मला मात्र त्या पदकाइतकीच पुढची टेल्कोतली (आताची टाटा मोटर्स) नोकरी महत्त्वाची वाटते. पदक एखाद्यालाच मिळतं, पगाराची गरज सगळ्यांना असते.

धीर कोण देतो, यानेही फरक पडतो. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे पाय ऐन सोळा-सतराव्या वर्षी गेले. त्यांना उभारी मिळाली ती बाबूकाका दिवाण यांच्या भेटीने. बाबूकाका स्वतः पॅराप्लेजिक होते आणि स्वतःची गाडी स्वतः चालवत. पुढे नसीमादीदींनी १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली आणि त्याच इतरांच्या बाबूकाका झाल्या. ‘खचून जाऊ नकोस’ हे चालत्या माणसाने सांगणं आणि खुर्चीतल्या माणसाने काही न सांगता नुसतं गाडीत बसून निघून जाणं, यातलं कुठलं पटतं हे सांगायला नको.

मेंदूला मार लागला असेल तर गणित आणखी अवघड होतं, कारण ज्याने जुळवून घ्यायचं तोच अवयव जखमी असतो. कपाळामागच्या भागाला इजा झाली तर माणूस चिडका, उतावळा किंवा एकदम थंड होतो आणि आपण बदललोय हे त्याचं त्याला कळेलच असं नाही. तिथे आधाराची गरज पहिल्यांदा घरच्यांना भासते. तो विषय स्वतंत्र लिहिण्याजोगा आहे.

आंबेवाल्याकडे परत येऊ. या खेपेला त्याला नळी शिकवलीय, पलंगावरून खुर्चीत सरकायची फळी दिलीय. घरी सोडण्याआधी फिजिओ भावाला टेप घेऊन मापं आणायला पाठवते. खुर्चीची रुंदी २५ इंच, न्हाणीघराचं दार २४. चौकट काढावी लागणार. पुढच्या दाराचा उंबरठा ४ इंच. उताराचा हिशेब सोपा आहे, इंचाला फूट. म्हणजे ४ इंचांना ४ फूट. मिस्त्री म्हणतो, दोन फुटांत बसवतो. दोन फुटांचा चढ एकट्याच्या हातांनी चढत नाही, मागून ढकलणारा लागतो. चार फूट हवेत तर अंगणातली तुळस सरकवावी लागेल. घरात दोन दिवस वाद होतो. शेवटी आई वृंदावनाच्या नव्या जागेवर खडूने रेघ मारते आणि व्हिडिओ कॉलवर त्यालाच विचारते, ‘एवढ्यात वळेल का रे तुझी खुर्ची?’

तो बघतो. ‘अजून वीतभर घे.’