अंकीय प्रतिमा संस्करण

आकड्यांच्या रूपात साठवलेल्या चित्रावर गणिती क्रिया करून ते अधिक स्पष्ट करणे किंवा त्यातून हवी ती माहिती वेगळी काढणे, याला अंकीय प्रतिमा संस्करण म्हणतात. चित्राचे बारीक चौकोन पाडतात; प्रत्येक चौकोन म्हणजे एक पिक्सेल. कृष्णधवल चित्रात पिक्सेलची उजळता बहुधा ० (काळा) ते २५५ (पांढरा) यांमधल्या आकड्याने नोंदतात. रसेल कर्श यांनी १९५७ साली अमेरिकेतील नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो स्कॅन करून संगणकात उतरवला. तो अवघा १७६ × १७६ पिक्सेलचा होता.

काही क्रिया एकेका पिक्सेलपुरत्या असतात, उदाहरणार्थ उजळता वाढवणे. ठरावीक आकड्याच्या वरचे सगळे पांढरे आणि खालचे काळे करणे हीही त्यातलीच. हा उंबरठा चित्राच्या हिस्टोग्रामवरून (कोणत्या उजळतेचे किती पिक्सेल आहेत हे दाखवणाऱ्या आलेखावरून) आपोआप ठरवण्याची नोबुयुकी ओत्सू यांची १९७९ची पद्धत आजही वापरात आहे.

खरी ताकद मात्र शेजारच्या पिक्सेलांचा विचार करण्यात आहे. समजा, ३ × ३ च्या चौकटीत ५२, ५०, ५१, ४९, २५५, ५३, ५०, ५२, ५१ असे आकडे आहेत. मधला २५५ हा उघडच नॉइजचा, म्हणजे चित्रात नको असताना शिरलेल्या बिघाडाचा, ठिपका. त्याच्या जागी नऊही आकड्यांची सरासरी ठेवली तर ती सुमारे ७४ येते, म्हणजे ठिपका फिका झाला तरी पुसला गेला नाही. शिवाय शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढताना तो त्यांच्यातही पसरतो. तेच आकडे चढत्या क्रमाने लावून मधला, म्हणजे पाचवा (याला मध्यक म्हणतात), घेतला तर ५१ मिळतात आणि ठिपका नाहीसा होतो. वस्तूंच्या कडाही मध्यकाने सरासरीइतक्या पुसट होत नाहीत. तुरळक ठिपक्यांसाठी म्हणूनच मध्यक फिल्टर सरस ठरतो. बारीक रेषा मात्र तो गिळून टाकू शकतो.

वस्तूच्या कडेपाशी उजळता एकदम बदलते, म्हणून कडा शोधताना याच्या उलट, शेजाऱ्यांमधला फरक मोजतात. सोबेल पद्धतीत उभ्या कडांसाठी चौकटीच्या उजव्या स्तंभातून डावा वजा करतात आणि मधल्या ओळीला दुप्पट वजन देतात. अडचण अशी, की नॉइजमुळेही आकड्यांत अचानक उडी येते. जॉन कॅनी यांच्या १९८६ सालच्या पद्धतीत त्यामुळे आधी चित्र थोडे मऊ, म्हणजे किंचित धूसर, करतात, मग फरक मोजून कडा एका पिक्सेलइतक्या बारीक करतात. शेवटी दोन उंबरठे लावतात : वरच्या उंबरठ्यापलीकडच्या कडा ठेवायच्या आणि दोहोंमधल्या क्षीण कडा एखाद्या ठळक कडेला जोडलेल्या असतील तरच राखायच्या.