लाल फायबर म्हणजे रबर नव्हे

"व्हल्कनाइज्ड आहे ना, मग पाण्याची कसली भीती?" मॉडेल रॉकेटच्या व्हल्कनाइज्ड फायबरच्या, म्हणजे लाल फायबरच्या, नळ्यांबद्दल हे वर्षानुवर्षं ऐकतोय. साफ चूक. रबर गंधकाने पक्कं करतात, त्याला व्हल्कनाइज करणं म्हणतात; यात ना रबर, ना गंधक. सुती चिंध्यांच्या कागदाचे थर झिंक क्लोराइडमध्ये भिजवायचे, एकजीव झाले की रसायन धुऊन काढायचं, मग वाळवून दाबायचं. टॉमस टेलरने 1859 साली पेटंट घेतलं. नाव तेवढं रबराचं चिकटलं. शेवटी कागदच तो, पाणी पितो नि फुगतो. जुलैत मुंबईच्या गॅलरीत ठेवलेली माझी नळी लंबगोल झाली, 18 मिमीची रॉकेट मोटर आत जाता जाईना.

"लाल तो मजबूत" हीही लोणकढीच. लाल, काळा हा नुसता रंग. ग्रेड बघा: कमर्शियल कापायला-वाकवायला सोपी; बोन ग्रेड घट्ट, कडक, पण वळवायला गेलात तर तडकते. मुंबईच्या लोहार चाळीत विजेच्या मोटारींचे वाइंडिंगवाले मागतात तो राखाडी लेदरॉइड, म्हणजे याच फायबरचा इन्सुलेशनचा कागद, पातळ नि लवचिक, त्याचे दोन-तीन वेढे चिकटवले की हलकी नळी तयार. मात्र सीलर (पाणी अडवणारा लेप) आतूनही मारा, आणि कापलेल्या कडांना आधी. पाणी तिथूनच शिरतं.